गावभर लोपीस

फादर बेनितो फाटकातून आत आले तेव्हा मी अंगणात राजेळी केळी सोलत बसले होते. नाताळ होऊन महिना झाला असेल. सुकेळी करायचे ते दिवस. पिकलेली केळी सोलून काठ्यांच्या मांडवावर वाळत घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा उन्हात, असं आठवडाभर चालतं. सोलताना हात असे चिकट होतात की डोक्यावरचा पदरसुद्धा सारखा करता येत नाही.

"या फादर," मी बसल्या बसल्या म्हटलं. "हात चिकट आहेत माझे. खुर्ची तुम्हीच ओढून घ्या."

एरवी ते सायकल चिंचेला टेकवायचे आणि बसायच्या आधी एक केळं उचलायचे. त्या दिवशी सायकल हातात धरूनच उभे राहिले. चर्चमधली सकाळची मिस्सा कधीच संपली होती, तरी अंगात पांढरा झगा होता. मला त्यातलं काही कळलं नाही, मी बाहेरून आलेली. माझ्या सासूला कळलं. ती दारात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"पास्कू कुठे आहे?" फादरनी विचारलं. पास्कू म्हणजे माझे सासरे.

"बाबा वाडीत आहेत, केळींना पाणी लावतायत. हाक मारू?"

"नको. मार्था, तू बसूनच राहा." त्यांचं मराठी एरवी आमच्यापेक्षा शुद्ध. त्या दिवशी त्यांना शब्द शोधावे लागत होते. "बहारीनहून फोन आला होता, कंपनीच्या हपीसातून. गोदीत परांची कोसळली. सायमन लोपीस गेला."

सासूने हंबरडा फोडला. मी हातातलं केळं पूर्ण सोललं, मांडवावर नीट ठेवलं आणि मग विचारलं, "कुठला सायमन?"

मला भ्रम झाला होता असं पुढे बायका सांगायच्या. तसं काही नव्हतं. आमच्या बोरभाट गावात हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारतात.

"बहारीनचा," फादर म्हणाले. "आपल्या गावचा बहारीनला एकच आहे, बाय."

खरंच एकच होता, आणि तो माझा होता.

माझं माहेर नगरकडचं, राहुरीजवळची ख्रिस्ती वस्ती. आडनाव वाघमारे. वसईत नन्सच्या शाळेत शिकवायला आले आणि सायमन लोपीस नावाच्या वेल्डरवर जीव जडला. वडील मास्तर. परकं आडनाव ऐकून आठ दिवस घुम्यासारखे बसले, मग कुणा पाद्र्याकडून अर्थ काढून आणला. "लोपीस म्हणजे म्हणे लांडग्याचं पोर," ते आईला म्हणाले. "वाघ मारणाऱ्यांची लेक लांडग्यांच्या घरी चालली. जाऊ दे, जंगल तरी एकच आहे." एवढं बोलून त्यांनी होकार दिला.

लग्न होऊन आले आणि पाहते तर गावभर लोपीस. शंभर उंबऱ्यांत सत्तर तरी. मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, हे सगळे आपले भाऊबंद का?"

"भाऊबंद कसले?" ते हसायला लागले. "जुन्या काळी बाप्तिस्मा घ्यायचा तर धर्मबाप लागायचा, आणि त्याचंच आडनाव मिळायचं. वसईच्या किल्ल्यात कुणी लोपीस नावाचा पोर्तुगीज साहेब होता म्हणतात. आळीने त्यालाच धर्मबाप केलं. त्याच्या काय बापाचं जातंय? एका सकाळी आख्खी आळी लोपीस करून तो जेवायला गेला. रक्त कुणाचं कुणाला लागत नाही, पोरी. नाव तेवढं लागतं."

फादर बेनितोंना हा विषय फार आवडायचा. ते स्पेनचे, त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव लोपेझ. आमच्या गावात बदली झाली तेव्हा पहिल्याच प्रवचनात म्हणाले होते, मी मामाच्या गावाला आलोय. "आमच्या देशात ढेकूळ फेकलं तर कुणातरी लोपेझाच्या डोक्यात पडतं," ते सांगायचे. "लोपे नावाच्या बापाची पोरं ती लोपेझ. पण तिथे निदान बाप तरी होता. तुमच्याकडे नुसतं नाव आलं, बाप किल्ल्यातच राहिला." मग स्वतःच मोठ्याने हसायचे.

त्यात आणखी एक रीत. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव. म्हणजे आडनाव एक आणि नावं चारपाच, तीच फिरून फिरून येणार. सरकारदरबारी आणि चर्चच्या दप्तरात माणूस सायमन लोपीस, पण गावात त्या नावाला कुणी विचारत नसे. गावात तो रहाटावरचा, तांडेलाचा, नाहीतर पेरूवाल्यांचा. आम्ही चिंचेकडचे. आणि गावतळ्याच्या काठावर, ज्याला इथे बावखल म्हणतात, तिथे बावखलाकडचे. त्यांचाही थोरला सायमन लोपीस, त्याच्याही बापाचं नाव पास्कू. त्याची बायको इनास.

इनासची आणि माझी ओळख टपालाने करून दिली. पाकिटावर बापाचं नाव, पास्कू लोपीस, एवढंच असायचं; माझ्या नवऱ्याचं पत्र तिच्याकडे जायचं, तिच्या नवऱ्याचं माझ्याकडे. पहिलं पत्र परत द्यायला गेले तेव्हा ती विहिरीवर होती. "वाचलंस?" तिने विचारलं.

"एकच ओळ. लाडके इनास असं होतं, म्हणून थांबले."

"माझा मेला लाडके बिडके कधी लिहायचा नाही," ती हात पुसत म्हणाली. "दाखव बघू."

लिहिलेलं होतं खरंच. ती लाजून लाल झाली, मग माझा हात धरून आत घेऊन गेली आणि ताटात भाकरी वाढली. त्या दिवसापासून या परक्या मुलखात मला बहीण मिळाली. पुढे तर पाकिटावरचं तिकीट पाहूनच आम्ही पत्रं वाटून घ्यायचो. तिचा दम्मामला, माझा बहारीनला. देश वेगळे होते म्हणून घोळ सुटायचा.

आणि म्हणूनच त्या सकाळी फादरना शंका आली नाही. मला, सासूला, गावातल्या एकालाही आली नाही.

बायका जमल्या. मला ओट्यावरून आत नेलं, भिंतीशी बसवलं. आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा कुणी पेज आणली, कुणी माझ्या दोन्ही मुलींना उचलून नेलं. मला रडू येत नव्हतं. केळ्याचा चीक हातावर वाळून कातडी ओढली जात होती, तेवढंच कळत होतं. कोपऱ्यातून बस्तू मावशी उठली. गावातली सगळी जुनी रीतभात तिच्या जिभेवर. ती पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"हात पुढे कर, बाय."

मला कळेना काय करायचंय. तेवढ्यात दारातून इनास आत आली, धावत आली असावी, धाप लागली होती. तिने मावशीच्या हातातला वरवंटा काढून बाजूला ठेवला.

"फोडायच्या नाहीत."

"रीत आहे ती," मावशी म्हणाली.

"असेल. तिचं माहेर लांब आहे, मावशी, तिच्यासाठी बोलायला इथे कुणी नाही. मी काढते."

तिने आधी ओल्या फडक्याने माझे हात कोपरापर्यंत पुसले. मग खोबरेल आणून मनगटाला चोळलं, आणि लग्नातल्या त्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. एकीचाही आवाज होऊ दिला नाही. शेवटची हाडाशी अडली तेव्हा माझा अंगठा आत दाबून धरला आणि म्हणाली, "आता रड." आणि मला रडू फुटलं. बांगड्या तिने आपल्या पदराच्या टोकाला बांधून कमरेला खोचल्या.

दिवसभर ती माझ्याजवळून हलली नाही. फक्त एकदा बाहेर गेली, आणि मी खिडकीतून पाहिलं तर अंगणात बसून माझी अर्धी राहिलेली केळी सोलत होती. सगळी सोलून तिने मांडवावर पसरली, माश्या बसू नयेत म्हणून वर जुनं लुगडं टाकलं. परत आली आणि मला वारा घालू लागली. दुपारी बायका जरा पांगल्या, तेव्हा तिने पंखा खाली ठेवला.

"मार्था, मला तुझ्याशी बोलायचंय. आज नाही बोलले तर जन्मभर तुझ्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही."

मी तिच्याकडे वळले.

"सकाळी मी विहिरीवर होते. फादर तिठ्यावर सायकल घेऊन उभे दिसले, अंगात झगा. इकडे वळले तर बावखल, तिकडे वळले तर चिंच. माझ्या हातातला दोर सुटला, घागर आत गेली. आणि मग ते तुझ्या रस्त्याला वळले." तिने पदराने तोंड दाबलं. "माझ्या तोंडून निघालं, देवा तुझे उपकार. तुझ्या घराकडे वळले आणि मी उपकार मानले, मार्था. मला क्षमा कर."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. नवरा माझा गेलेला आणि समजूत मी तिची घालत होते.

उन्हं कलायला लागली तशी फादर पुन्हा आले. त्यांनी सकाळीच बहारीनचा फोन नोंदवून ठेवला होता, शवपेटी कधी येणार ते विचारायला. आता लागेल असं एक्स्चेंजवाल्याने सांगितलं होतं. बायकोशी बोलल्याशिवाय कंपनी कागद पुढे सरकवणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

"मी येऊ सोबत?" इनासने विचारलं.

"नको, मुलींना पेज भरव," मी म्हटलं. "तुझ्या हातून खातील."

फादरच्या हपीसात एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो. आम्ही बसून राहिलो. घंटी वाजली तशी फादरनी उचलून मोठ्याने इंग्रजीत नाव सांगितलं, चर्चचं नाव सांगितलं. मग पलीकडून कुणी बोलू लागलं आणि फादर हळूहळू खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"हॅलो? फादर? ऐकू येतंय का?"

तो सायमन होता.

"हॅलो?"

"मी आहे," मी म्हटलं.

"मार्था? तू तिथे आहेस? बरं झालं. सांगितलंत ना इनासला? कशी आहे ती?"

फोनची दोरी मी मुठीत घट्ट धरली होती.

"मार्था, तिच्याजवळ राहा गं. तिला एकटी सोडू नकोस. मीच त्याला दम्मामहून बोलावून घेतला. तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत. इथे पगार बरा म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो. इनासला इतक्यात लिहू नको म्हणाला, पहिला पगार हातात आला की लिहितो, चकित करतो तिला." त्याचा आवाज चिरकला. "माझ्याच परांचीवर होता तो. मी पाणी प्यायला खाली उतरलो होतो."

"सायमन," मी म्हटलं.

"काय?"

"तू जेवलास का?"

"काय विचारतेस हे?"

"सांग ना. जेवलास का?"

"नाही," तो म्हणाला. "रविवारी पेटी घेऊन येतोय. मी बरोबर येतोय." आणि लाइन तुटली. तो आला तो आलाच, पुन्हा कधी आखातात गेला नाही. पण ती पुढची गोष्ट.

मी फोन जागेवर ठेवला आणि हसले. खरं सांगते, हसले. आतून असं काही उसळून आलं की भिंतीवरच्या फोटोतल्या त्या लोपेझ बाईला मिठी मारावी. देवा तुझे उपकार, असं मी मोठ्याने म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर मला इनासचं डोकं माझ्या मांडीवर जाणवलं.

फादर दोन्ही हातांत कपाळ धरून बसले होते. "दुसऱ्याचं मरण मी तुझ्या दारात आणून ठेवलं," ते म्हणाले. "कुठला, एवढं विचारायला हवं होतं. तू विचारलंस. मी उत्तर दिलं, पण स्वतःला विचारलं नाही." मग उठले. सकाळचा झगा खुंटीवर होता, तो ओढून घेऊ लागले. "मी जातो तिच्याकडे."

"नको, फादर."

"माझं काम आहे ते."

"ती तुमच्या झग्याला एकदा भ्यालीय आज," मी म्हटलं. "पुन्हा नका घालू. ती माझ्याच घरात आहे, मी सांगते. तुम्ही थोड्या वेळाने या, नुसते असेच."

चर्चपासून घर लांब नाही. पण त्या दिवशी तो रस्ता मला जन्माएवढा लांब झाला. रिकाम्या मनगटांनी मी चालत होते. नाक्यावर बसलेले म्हातारे मला पाहून उभे राहिले, एकाने डोक्यावरची टोपी काढली. त्यांना काय सांगणार? माझा जिवंत आहे, असं तोंडाने म्हटलं की पुढचं वाक्य त्यांनीच पूर्ण केलं असतं, आणि ते वाऱ्यासारखं माझ्या आधी घरी पोचलं असतं. म्हणून मान खाली घालून विधवेसारखी चालत राहिले. आत तर काळीज नाचत होतं. त्या नाचणाऱ्या काळजाची मला शिसारी येत होती, आणि ते थांबवताही येत नव्हतं.

तिठ्यावर क्षणभर थांबले. इकडे बावखल, तिकडे चिंच. एका माणसाने हौसेने वाटलेलं नाव, आणि त्यामुळे आख्खा दिवस एका बाईने आपलंच दुःख अंगावर घेतलं, आपलं समजून नाही, मैत्रिणीचं समजून. मी चिंचेकडे वळले.

बायका ओट्यावर होत्या. सासू आत भिंतीशी डोळे मिटून पडली होती. तिलाही सांगायचं होतं, तिचा मुलगा होता तो. पण ती ओरडली असती. मी तशीच मागच्या अंगणात गेले. इनास पायरीवर बसून माझ्या धाकटीला पेज भरवत होती, थोरली आणि तिची स्वतःची मुलगी दोघी तिच्या पायाशी बसून सुकेळ्याचा तुकडा चघळत होत्या.

"आलीस?" ती म्हणाली. "बघ, वाटीभर खाल्ली हिने. कधी आणणार म्हणाले?"

"रविवारी." मी तिच्या शेजारी बसले. "मुलींनो, जरा आजीजवळ जा बघू. तिला पाणी द्या."

मुली गेल्या. इनास वाटी पुसत होती. संध्याकाळच्या उन्हात मांडवावरचं लुगडं हलत होतं.

"इनास, मी सायमनशी बोलले."

तिने माझ्याकडे पाहिलं. आधी कीव होती त्या नजरेत. पोरीचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं असणार. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला विचारावं तसं हळूच विचारलं, "कुठला सायमन, बाय?"

"चिंचेकडचा," मी म्हटलं.

माझ्या गुडघ्यावरचा हात तसाच राहिला. मी तो दोन्ही हातांनी धरला होता, आणि तो हळूहळू गार होत गेला. "आमचा दम्मामला आहे," ती एवढंच म्हणाली. मी मान हलवली. तीन आठवड्यांपूर्वी बहारीनला आला होता, तुला चकित करायचं होतं त्याला, एवढं सांगितलं. तिने पुढचं विचारलं नाही. ओट्यावर बायका प्रार्थना म्हणत होत्या, माझ्या नवऱ्यासाठी. त्या प्रार्थनेतलं नाव ती ऐकत राहिली. त्यात सायमन लोपीस एवढंच नाव होतं.

मग तिने कमरेचा पदर सोडला. गाठ सुटेना, तेव्हा दाताने सोडवली. माझ्या हिरव्या बांगड्या तिने मांडीवर ठेवल्या, माझा उजवा हात घेतला, अंगठा आत दाबला आणि एकेक बांगडी परत चढवू लागली. मी हात मागे ओढला.

"इनास, राहू दे."

"गप्प बस. जिवंत नवऱ्याच्या बायकोने उघड्या हातांनी बसू नये." एकही बांगडी तिने वाकडी जाऊ दिली नाही. उजवा झाला, डावा झाला. मग खोबरेलाची वाटी, सकाळपासून खिडकीत तशीच होती, ती उचलून तिने माझ्या पुढ्यात ठेवली. ओट्याकडे एकदा पाहिलं, बस्तू मावशी उठली नाहीये ना एवढं बघून घेतलं, आणि आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"आता माझ्या काढ," ती म्हणाली. "फोडू नको."